तिच्यावाचून अडत होतं

ती प्राचार्य झाली नाही, आणि त्याला कारण मी. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला सात वर्षं लागली. तेव्हा आता प्रस्तावना पुरे.

ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. कॉलेजात सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कारण कॉलेजचं वेळापत्रक ती करायची, आणि ते चिठ्ठ्यांवर करायची. सत्र सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस प्रयोगशाळेतलं लांब टेबल मोकळं व्हायचं. त्यावर खडूने चौकोन आखायचे, आडवे वार, उभे तास. विभागागणिक वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शिक्षकाचं नाव आणि वर्ग. खिडक्या बंद, पंखा बंद. दाराशी आमचे हेडक्लार्क उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, "आत ऑपरेशन चालू आहे. शिंकायचं असेल तर जिन्यात जाऊन शिंका."

चिठ्ठ्या काय, कुणीही मांडेल. पण चिठ्ठीमागचा माणूस तिला पाठ होता. रसायनशास्त्राच्या सरांच्या आईला मंगळवारी डायलिसिसला न्यावं लागे, म्हणून मंगळवारी त्यांना पहिले दोन तास नाहीत. भाषेच्या बाईंचा आवाज भिंत फोडून पलीकडे जाई, म्हणून त्यांच्या शेजारच्या खोलीत कायम गणित. ती मला म्हणायची, "गणितवाले फळ्याशी बोलतात, मॅडम, त्यांना फरक पडत नाही." इतिहासाचे दोघे प्राध्यापक बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने फळा न पुसता वर्ग सोडला की दुसरा विद्यार्थ्यांसमोर त्याचा उद्धार करायचा. म्हणून त्या दोघांच्या तासांमध्ये ती नेहमी तिसऱ्याच कुणाचा तरी तास सरकवायची. हे कुठल्याही नियमपुस्तकात नव्हतं. तिच्या डोक्यात होतं.

मी प्राचार्य झाले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं की ही बाई आहे तोवर मला झोप लागणार. एवढंच ध्यानात आलं, आणखी काही नाही.

तिने तेव्हा पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. शहरापासून तीन तासांवर एक जुनं धरण आहे, त्याच्या दगडी भिंतीवर पावसाळ्यात जे मॉस उगवतं, ज्याला आपण सगळे शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यावर तिचं काम होतं. तीन पावसाळे सलग, दर आठव्या दिवशी निरीक्षण. एक पावसाळा चुकला की साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून. पहिली दोन वर्षं तिने रविवार जाळून काढली. नवरा टपाल कचेरीत होता. तो तिला स्कूटरवर बसवून न्यायचा आणि ती भिंतीला डोळे लावून असेपर्यंत छत्रीखाली वर्तमानपत्र वाचत बसायचा. हे सगळं मला नंतर कळलं. तिसऱ्या वर्षी मात्र रविवार पुरणार नव्हते. नमुने रोजच्या रोज तपासायचे होते, धरणाजवळ खोली घेऊन राहायचं होतं. तिने चार महिन्यांच्या अभ्यासरजेचा अर्ज दिला.

ते चार महिने म्हणजे नेमके सत्राच्या सुरुवातीचे.

"अगं, या वर्षी नवा अभ्यासक्रम येतोय," मी म्हणाले. "सगळं वेळापत्रक मुळापासून बदलायचंय. तू नसलीस तर माझं काय होईल?"

"मी चिठ्ठ्या करून ठेवून जाईन, मॅडम. कुणाला तरी शिकवते."

"कुणाला? नाव सांग."

तिने एक नाव सांगितलं. मी हसले. तीही हसली, कारण तो गृहस्थ स्वतःचा तास विसरायचा. अर्ज नामंजूर. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'यांच्यावाचून कॉलेजचे काम अडते.' लिहिताना मला वाटलं, मी तिचं कौतुकच करतेय. तिला ते दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "छान लिहिलंय." मी त्याचाही सरळ अर्थ घेतला.

साखळी तुटली. तिने पुन्हा पहिल्यापासून काम धरलं, आणखी दोन पावसाळे, आणखी कितीतरी रविवारांचा चुराडा, आणि पुन्हा तिसऱ्या वर्षी अर्ज. त्या वर्षी तपासणी समिती यायची होती. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षाने तिचं काही भागणार नव्हतं, हे समजून घ्यायचे कष्ट मी घेतले नाहीत. नोंदणीची मुदतही त्याच वर्षी संपत होती, म्हणून पावसाच्या तोंडावर ती पुन्हा एकदा, अर्ज न घेताच आली. खुर्चीवर बसली नाही.

"मॅडम, या खेपेला नाही जमलं तर नोंदणी रद्द होईल."

मी सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, त्या पदवीवाचून कुणाचं अडलंय? तुझ्यावाचून मात्र माझं अडतं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. तो विषय तिने परत काढला नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मला सांगायची नव्हती. माझ्या नावामागे डॉक्टर आहे. मला माझ्या प्राचार्यांनी दोन वर्षं भरपगारी रजा दिली होती. का? तर ऑफिसच्या कामात मी ठार निरुपयोगी होते. मी दिलेल्या यादीत एक मुलगा दोनदा पास आणि एकदा नापास निघाला होता. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही संशोधन करा, कॉलेजवर उपकार होतील." मी गेले, पदवी घेऊन आले, आणि पुढे त्याच पदवीच्या जोरावर त्यांच्या खुर्चीत बसले. जिला काम येत होतं तिला कामाला जुंपलं, जिला येत नव्हतं ती वर चढली. आमच्याकडे बढतीची शिडी अशी आहे, आणि ती मी स्वतःच्या हाताने धरून ठेवली.

मग बदलांची रांगच लागली. वार्षिक परीक्षा जाऊन सत्र पद्धत येणार म्हणून वरून पत्र आलं. संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि म्हणाले, वेळापत्रक संगणकावर करा, चिठ्ठ्या बघून पाहुण्यांपुढे लाज वाटते. मी संगणकप्रणाली विकत घेतली. यंत्राने अर्ध्या तासात वेळापत्रक ओकलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी पहिल्याच दिवशी इतिहासाचे दोघे पाठोपाठ एकाच खोलीत आले, फळ्यावरून जुंपली, आणि एकाने डस्टर फेकलं ते नेमकं दारातून आत येणाऱ्या हेडक्लार्कना लागलं.

हेडक्लार्क पांढरा खांदा घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. "मॅडम, यंत्र हुशार आहे. पण त्याला भांडण दिसत नाही."

चिठ्ठीबाईने 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती तीन आठवडे त्या संगणकवाल्याशेजारी स्टूल टाकून बसली आणि डोक्यातलं सगळं एकेक अट करून यंत्रात घातलं. मंगळवारचं डायलिसिसही घातलं. आपलं कौशल्य आपल्याच हाताने यंत्राच्या स्वाधीन करताना माणूस कुरकुरतो, ती कुरकुरली नाही. उलट म्हणाली, "बरं झालं. आता माझ्यावाचून अडणार नाही." मी तेव्हाही हसले. फार हसायचे मी त्या काळात.

मी निवृत्त झाले आणि तिला प्रभारी प्राचार्य केलं. अकरा महिने. हे अकरा महिने मी बाहेरून पाहिले, आणि ते पाहून मला पहिल्यांदा स्वतःच्या चौदा वर्षांची शरम वाटली.

सत्र पद्धतीला सगळे शिक्षक घाबरले होते. आपले तास कमी होतील, कुणीतरी अतिरिक्त ठरेल. मी असते तर दार लावून बसले असते आणि निर्णय नोटीस बोर्डावर डकवला असता. हिने काय केलं, कच्चं वेळापत्रक मोठ्या कागदांवर उतरवून शिक्षककक्षाच्या भिंतीवर लावलं आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधली. खाली लिहिलं, 'ज्याला बदल हवा त्याने करावा. मात्र ज्याचा तास हलेल त्याची सही आपणच घ्यावी.' झालं! आठवडाभर त्या भिंतीपुढे जत्रा. जो तो दुसऱ्याला समजावतोय, कॉफी पाजतोय, मस्का लावतोय. इतिहासाच्या दोघांना एकमेकांची सही घ्यावी लागली. एकाने शिपायाच्या हाती कागद पाठवला, तेव्हा ती म्हणाली, "सर, सही म्हणजे समोर जाऊन." गेले. काय बोलले देवाला ठाऊक, पण सही आणली. अतिरिक्त कुणीच ठरलं नाही, कारण कुठे किती तास पडून आहेत ते लोकांनीच शोधून काढलं.

कायम प्राचार्यपदाची जाहिरात निघाली तेव्हा साठांपैकी बावन्न शिक्षकांनी तिचं नाव सुचवणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. तिलाही ते पद हवं होतं. हेडक्लार्कजवळ तिने म्हटलं होतं, "आता कुठे हात बसतोय. उरलेली तीन वर्षं मिळाली तर काहीतरी करून दाखवीन." पण मधल्या काळात नियम आला होता. प्राचार्यपदासाठी पीएच.डी. अनिवार्य. तिने अर्ज केला तो या आशेवर की अनुभव बघून समिती विद्यापीठाकडे सवलत मागेल. तशी तरतूद होती.

छाननी समितीवर माजी प्राचार्य म्हणून मी होते.

संस्थेच्या अध्यक्षांनी तिचा अर्ज उचलला. "बाई उत्तम आहेत, वादच नाही. सवलत मागायला माझी हरकत नाही. पण विद्यापीठ विचारणार, एवढ्या वर्षांत पदवी का नाही घेतली? काहीतरी ठोस कारण द्यावं लागेल." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या हाताखाली होत्या ना? काय अडचण होती?"

माझ्या जिभेवर खरं वाक्य तयार होतं. कॉलेजने दोनदा रजा नाकारली, मी नाकारली, कागद दप्तरात आहेत. एवढं बोलले असते तर सवलतीला याहून ठोस कारण दुसरं नव्हतं. पण समोर विद्यापीठाचे दोन प्रतिनिधी बसले होते, आणि त्याच दिवशी सकाळी अध्यक्षांनी कॉलेजच्या नव्या सभागृहाला माझं नाव देण्याचा विषय काढला होता.

मी म्हणाले, "घरच्या काही अडचणी असाव्यात."

"मग कठीण आहे," अध्यक्ष म्हणाले आणि अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मुलाखतींची व्यवस्था प्रभारी प्राचार्य म्हणून तिलाच करावी लागली. पाच उमेदवार, प्रत्येकी पस्तीस मिनिटं. ती दार उघडून एकेकाला आत सोडत होती, पाणी आहे ना बघत होती. मुलाखती घ्यायलाही मी बसले होते; माझ्या ग्लासवर झाकण नव्हतं, तेही तिने आणून ठेवलं. निवडलेले गृहस्थ बाहेरगावचे, सभ्य, विद्वान. त्यांनी कार्यभार घेतला, ती पुन्हा प्रयोगशाळेत गेली आणि तीन वर्षांनी निवृत्त झाली. सभागृहावर माझं नाव आहे. मी तिथे पाऊल टाकत नाही, पण नाव काढून टाका असं सांगायलाही गेले नाही. बघा म्हणजे.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. दार नवऱ्याने उघडलं. बैठकीच्या खोलीत एक टेबल, दोन वेताच्या खुर्च्या, भिंतीशी कपाट. ती बटाटे सोलत होती. मी चहाला नको म्हटलं आणि समितीत काय बोलले ते सगळं, एक शब्द न गाळता, सांगून टाकलं.

नवरा आधी बोलला. "घरच्या अडचणी? म्हणजे मी?" त्याला खरंच हसू आलं. "मॅडम, चार पावसाळ्यांत सत्तर फेऱ्या मारल्या मी त्या धरणावर. स्कूटरचं इंजिन दोनदा बदललं."

ती हसली नाही. सोलणं बाजूला ठेवून हात पुसले.

"रजेचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तुमच्या जागी मीही कदाचित नाहीच म्हटलं असतं. त्या अकरा महिन्यांत मलाही कुणाला सोडवत नव्हतं. पण त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं, ते तुम्ही बोलला नाहीत. त्याला मी काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. मला माफ कर एवढंच सांगायला आले."

"ते आत्ता लगेच नाही जमणार, मॅडम."

बरोबर होतं. मी उठायला हवं होतं. पण मी बसून राहिले आणि पंचवीस वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू त्या भिंतीवर नक्की काय बघत होतीस?"

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मी गंमत करत नाही ना म्हणून. मग टेबलावर बोटाने भिंत काढून ती बोलू लागली, वर्गात बोलायची तशी. भिंतीचा एक हात लांब-रुंद तुकडा ती खरवडून कोरा करायची. पहिल्या पावसाळ्यात त्यावर एकच जात येते, बुटकी, काळपट. दुसऱ्या पावसाळ्यात दुसरी येते, हिरवीगार, पसरट, आणि पहिलीच्या आधाराने जम बसवते. पहिलीने साठवलेल्या मातीवरच ती पोसते. दोन्ही वेळेला तिने हेच पाहिलं होतं. आकडे तोंडपाठ होते, कितव्या आठवड्यात किती पसरली. नवरा मान डोलवत होता, त्यालाही ते पाठ असावेत.

"आणि तिसऱ्या वर्षी?" मी विचारलं. "ती पहिली तगते, की दुसरी तिला हटवते?"

"तेच तर बघायचं होतं," ती म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं पुन्हा पुढे ओढलं. "माहीत नाही, मॅडम. तिसऱ्या वर्षी मी वेळापत्रक करत होते."