एक जबडा, दीडशे तास

क्लिफर्ड एंटविसलचा जबडा दोन ठिकाणी मोडला, आणि त्याला कारण रांग. आमच्या थॉर्नक्लफमध्ये माणसं नाना कारणांनी मार खातात. पण रांगेपायी मार खावा तो क्लिफर्डनेच. एकतीस वर्षं बसकंपनीत तिकीट तपासनीस होता. निवृत्त झाल्यावरही थांब्यावर उभा राहिला की आपल्या पुढे कोण, मागे कोण, याची मनात यादी करायचा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी ब्रॉडी लोमॅक्स नावाचा सव्वीस वर्षांचा आडदांड गडी चार म्हाताऱ्यांना ओलांडून पुढे घुसला. क्लिफर्ड म्हणाला, "बाळा, रांग मागून सुरू होते." बाळाने मागे वळून एक ठेवून दिली. क्लिफर्ड आडवा झाल्यावर वरून लाथ घातली आणि त्याच बसने निघून गेला. जबडा तारेने बांधलेला असल्यामुळे क्लिफर्डने पोलिसांना जबानी लिहून दिली. तिच्यातलं पहिलं वाक्य होतं, 'आरोपीने तिकीट काढले नव्हते.'

सहा आठवडे तो सुपावर जगला. आमच्या बोलिंग क्लबात, म्हणजे हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवत म्हातारपण घालवायच्या जागी, स्वयंपाकघर डोरीन पिकपच्या ताब्यात आहे. तिने मटणाचा रस्सासुद्धा गाळून पाजला. जबडा जुळला. बोलताना कटकन् आवाज येतो, एवढंच. खरी मोडतोड वेगळीच होती. ब्रॉडीचं घर मिल स्ट्रीटवर. क्लिफर्डच्या घरून क्लबला यायचं तर मिल स्ट्रीटवरून आठ मिनिटं लागतात, आणि पेपरचं दुकानही तिथेच. जामिनावर सुटलेला ब्रॉडी दिवसभर दारात सिगारेट ओढत उभा. तेव्हापासून क्लिफर्ड कालव्याच्या काठाने पंचवीस मिनिटांचा वळसा घालून यायला लागला. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," म्हणायचा. डॉक्टरांनी चिखलातून चालायला सांगितलं नसणार, हे त्याच्या बुटांकडे बघून कुणालाही कळलं असतं. एकदाच डोरीनजवळ म्हणाला, "तो आत गेला ना, की मी मिल स्ट्रीटने जाईन." त्याचं न्यायाकडे मागणं एवढंच होतं. एक सरळ रस्ता.

निकालाच्या दिवशी आम्ही दोन गाड्या आणि काकडीचे सँडविच घेऊन कोर्टात गेलो. ब्रॉडी कुणाचा तरी सूट घालून आला होता, बाह्या पंजांपर्यंत. त्याच्या वकिलाने त्याचं पश्चात्तापाचं पत्र वाचून दाखवलं. 'त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा रोज रात्री माझ्या डोळ्यांसमोर येतो...'

"याला लिहिता येतं?" डोरीन कुजबुजली. कुजबुज तीन बाकांपर्यंत गेली.

मग क्लिफर्ड उभा राहिला आणि आपल्यावर काय गुदरलं ते त्याने कागदावरून वाचलं. मध्ये मध्ये कटकट आवाज. न्यायाधीशांनी त्याच्या धैर्याबद्दल आभार मानले. सरकारी वकिलाने आभार मानले. शिपायानेही मानले. इतके आभार मानायला लागले की माणसाने ओळखावं, हातात दुसरं काही पडणार नाही.

न्यायाधीश ब्रॉडीवर वीस मिनिटं कडाडले. भ्याड म्हणाले, नीच म्हणाले, समाजाला लागलेली कीड म्हणाले. आम्हांला वाटलं, आठ वर्षं तरी नक्की. क्लबाचा अध्यक्ष सिरिल क्रॅबट्री तर बोटांवर मोजू लागला की बाहेर येईपर्यंत आपण असू की नसू. मग न्यायाधीशांनी पान उलटलं. बालपण खडतर. मैत्रीण गरोदर. टायरच्या दुकानात सोमवारपासून नोकरी. गुन्हा कबूल केला, खटल्याच्या दिवशी सकाळी का होईना. शिवाय पहिलाच. सबब शिक्षा दीड वर्ष, पण स्थगित. म्हणजे झाली, पण भोगायची नाही. दोन वर्षं खुंटीला टांगून ठेवायची. त्यावर दीडशे तास बिनपगारी समाजकार्य आणि राग आवरायचा एक वर्ग.

"तू तुरुंगाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलास, हे विसरू नकोस," न्यायाधीश म्हणाले.

"उंबरठ्यावर याने पायपुसणंसुद्धा पाहिलं नाही," डोरीन म्हणाली. या वेळी तिला बाहेर काढलं. कोर्टात त्या दिवशी प्रत्यक्ष अंमलात आलेली शिक्षा तेवढी एकच.

त्या आठवड्यात क्लबात दुसरा विषय नव्हता. "माझ्या बहिणीने कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात बाटल्या टाकल्या तर नगरपालिकेची तीन पत्रं," डोरीन सांगत होती. "तिने डबा उचलून कुणाच्या तोंडावर हाणला असता तर एका पत्रात भागलं असतं."

"तुरुंगात जागाच नाही गं," सिरिल म्हणाला.

"मग रांग लावा म्हणावं! या देशात कशाला रांग नाही?"

क्लिफर्डने चिखलाचे बूट चढवले. कालव्याकडून घरी गेला.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी क्लबाच्या फाटकात पांढरी व्हॅन थांबली आणि नारिंगी जाकिटं घातलेले सहा जण उतरले. बरोबर हातात तक्ता घेतलेला एक देखरेख्या. गुन्हेगारांकडून गावातली कामं करून घ्यायची असतील तर कुठली, ते नागरिकांनी कळवावं, अशी एक सोय आहे. क्लबाच्या फरसबंदीवरचं शेवाळ खरवडून द्यावं, असा अर्ज दोन वर्षांपूर्वी क्लिफर्डनेच सुवाच्य अक्षरात भरला होता. सरकारने तो आता मंजूर केला. तिसरा उतरला तो ब्रॉडी लोमॅक्स.

डोरीन फोनकडे धावली. सिरिलने अडवलं. "तक्रार लेखी द्यावी लागते. उत्तर दहा दिवसांत येतं. आणि हे चार वाजता जाणार."

क्लिफर्ड पांढराफटक पडला होता. पण अकरा वाजले तसा तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि किटली चढवली. आपल्या अंगणात कुणी काम करत असेल तर अकराला त्याला चहा द्यायचा. मग तो नळ दुरुस्त करायला आलेला असो की तुमचा गॅस तोडायला. याबाबतीत आमच्याकडे कायदा नाही. म्हणूनच बहुधा तो पाळला जातो.

"सात कप कशाला?" डोरीनने विचारलं.

"माणसं सात आहेत."

"माणसं सहाच आहेत, क्लिफर्ड."

तरी त्याने सातच भरले. ट्रेही स्वतःच उचलला. आम्ही खिडकीशी गोळा झालो. ब्रॉडी कठड्यावर बसून फोन बघत होता. खरवडणी भिंतीला टेकून विश्रांती घेत होती. त्याने मान वर न करता कप उचलला.

"थँक्यू काका. साखर दोन ना?"

क्लिफर्ड हलला नाही. "तू मला ओळखलं नाहीस?"

ब्रॉडीने वर पाहिलं. नीट पाहिलं. "शाळेतले सर का?"

"माझा जबडा मोडलास तू."

ब्रॉडीच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा गडी मनापासून आठवत होता, हे मान्य केलं पाहिजे. "कुठले तुम्ही? टॅक्सीस्टँडचे, की ते..." आणि मग तो थांबला. देखरेख्या आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागला. पहिलाच गुन्हा, असं कोर्टात ठरलेलं होतं.

"बसथांब्यावरचा," क्लिफर्ड म्हणाला.

"हां, बस! सॉरी हं काका. चेहरे नाही राहत लक्षात." त्याने एक घोट घेतला. "बिस्किट आहे?"

क्लिफर्डने हात पुढे केला आणि त्याच्या हातातून कप काढून घेतला. उरलेला चहा शेवाळावर ओतला. जबडा मोडणारे आमच्या गावात पुष्कळ झाले. दिलेला चहा परत घेणारा मात्र आजवर कुणी झाला नव्हता. खिडकीत सिरिलने डोळे मिटून घेतले.

"असं नाही करता येत, साहेब," देखरेख्या म्हणाला. "सुट्टीत गरम पेय द्यावं लागतं. मला हे लिहावं लागेल."

"लिहा. नाव एंटविसल." मग ब्रॉडीकडे वळून, एकतीस वर्षं बिनतिकीट प्रवाशांसाठी राखलेल्या आवाजात म्हणाला, "फाटकाजवळचं शेवाळ तसंच राहिलंय. परत खरवड."

ब्रॉडी उठला. का उठला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

चार वाजता व्हॅन गेली. क्लिफर्डने कुलूप लावलं आणि कालव्याकडे न वळता मिल स्ट्रीटकडे वळला. डोरीनने दंड पुढे केला, त्याने तो धरला. व्हॅनने ब्रॉडीला आधीच घरी सोडलं होतं. जाकीट काढून तो दारात सिगारेट पेटवत होता.

"गुरुवारी येतोय हं, काका!" त्याने हात हलवला. मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. कधीच काही नसतं.

"नऊ वाजता," क्लिफर्ड म्हणाला. जबडा कटकन् वाजला. पाऊल थांबलं नाही. पण पेपरचं दुकान येईपर्यंत त्याने डोरीनचा दंड असा आवळला होता की पुढे दोन दिवस तिच्या कातडीवर चार बोटं उमटलेली होती. दुकानात शिरून त्याने संध्याकाळचा पेपर मागितला, आणि मग, अगदी हळू आवाजात, बसायला खुर्ची.