पाणी पिणारी गाडी

आमच्या वडिलांनी आयुष्यात एकच मोठी गाडी घेतली आणि तीही बैलासारखी पारखून. गावच्या दूध सोसायटीचे ते नवे चेअरमन झाले होते. आधीचे दोन्ही चेअरमन जीपमधून उतरायचे. आमचे वडील सायकलवरून उतरायचे, तेही धोतर चेनमध्ये अडकल्यावर.

आष्टीकडच्या एका माजी संचालकाला आपली जुनी जीप विकायची आहे असं कळलं, तेव्हा वडिलांनी सोबत मेस्त्री नेला नाही. घाटनांदूरहून एका म्हाताऱ्या पारख्याला बोलावून घेतलं. त्याच्या शब्दावर बाजारात बैलजोड्या हलायच्या. मी तेव्हा नववीत होते. हट्ट करून मीही गेले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

पारख्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागच्या टायरवर थाप मारून चट्कन बाजूला झाला, लाथ बसू नये म्हणून. दारावर गंजाचा गोल डाग होता, त्यावरून बैलाच्या अंगावरचा केसांचा भवरा तपासावा तसं बोट फिरवत म्हणाला, "भवरा शुभ जागी हाय." मग गाडी चार पावलं पुढं आणि चार पावलं मागं चालवून दाखवायला लावली. बॉनेट कुणी उघडलंच नाही. बैलाचं पोट उघडून कोण बघतं?

माजी संचालक तसा सरळ माणूस. त्यानं आपणहून सांगितलं, "गाडी पानी लई पिती बरं."

दुसरं कुणी तिथूनच परत फिरलं असतं. पारख्या मात्र खूश झाला. "पिनारं जनावर खातंय, अन् खानारं काम करतंय," असं म्हणून त्यानं उपरण्याखाली मालकाचा हात धरला. बोटांनी भाव ठरला आणि ऐन थंडीत ती गाडी दिंद्रुडच्या पुढं आमच्या गावात येऊन उभी राहिली. आईनं तिला ओवाळलं.

त्या साली पावसानं आधीच दगा दिला होता. फाल्गुनातच विहिरींनी तळ दाखवला. टँकर दिवसाआड यायचा आणि घराला चार घागरी मिळायच्या. गाडीला तालुक्याला नुसतं जायलाच दीड घागर लागायची. मेस्त्री म्हणाला, रेडिएटर गळतंय, हळद टाकून बघा. आईच्या डब्यातली हळद गेली. दोन दिवस गळती थांबली आणि गाडी तापली की रस्त्यानं फोडणीचा वास सुटायचा. तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. वडिलांनी पारख्याला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, उन्हाचं काढू नका, झाडाखाली बांधा.

आईची एक म्हैस होती, पारडी होती तेव्हापासून तिनं वाढवलेली. एक दिवस आई वडिलांना म्हणाली, "अवो, दारात पानी पिनारं एकच जनावर ऱ्हाईल. म्हस तरी, न्हाईतर ही तरी."

एकच वाट होती. आमच्या गावात चारा छावणी मंजूर झाली तर म्हशीला तिथं चारा मिळणार होता आणि पाणीही. छावणी सोसायटीनं चालवायची आणि प्रस्ताव चेअरमननं तालुक्याला द्यायचा. मुदतीचा शेवटचा दिवस नेमका तिथल्या बाजाराचा होता. प्रस्ताव चुकला तर पुढच्या बाजाराला म्हैस न्यायची, हे घरात ठरलेलं होतं.

एसटीनं जाता आलं असतं. पण चेअरमन एसटीनं आला तर साहेब त्याला खिडकीवरच कागद द्यायला सांगतात, अशी वडिलांची खात्री होती. मला याचा आजही राग येतो.

त्या सकाळी घरात एकच घागर भरलेली होती, ती म्हशीची. आईनं ती उचलली. "आज हिचं पानी गाडीला. पन मी संगं येनार. कुटं किती वततावं ते मीच बघनार." ती घागर मांडीवर घेऊन पुढं बसली, मी मागं. गोठ्यातून म्हैस ओरडत होती. मला तिच्याकडं बघवेना.

दर दोन-तीन कोसांवर गाडी फुसफुसायची. वडील बॉनेट उघडायचे आणि आई तांब्यानं मोजून पाणी घालायची, लेकराला औषध पाजावं तसं. तालुका समोर दिसायला लागला आणि घागर संपली. गाडी तिथंच बसली.

मागून एक शेतकरी बैलजोडी बाजाराला विकायला घेऊन चालला होता. त्यानं वडिलांचं सगळं ऐकून घेतलं आणि जोडीबरोबर विकायला आणलेलं जू बैलांना लावून गाडी दोरानं बांधली. रस्ता अरुंद होता, त्यामुळं बाजाराला निघालेली बाकीची जनावरं आणि माणसं आमच्या मागंच साचत गेली. पुढं बैल, त्यांच्या मागं जीप, आत कडक इस्त्रीत स्टेअरिंग धरलेले वडील, शेजारी रिकामी घागर घेतलेली आई, आणि मागं पन्नासेक माणसं. असे आम्ही कचेरीच्या आवारात शिरलो.

हवालदार धावत आला. "मोर्चाची परवानगी हाय का?"

"मोर्चा न्हाई, साहेब. गाडी बंद पडली."

तोवर मोठे साहेबच पायरीवर आले. त्यांनी गाडी पाहिली, घागर पाहिली आणि हात जोडले. "प्रतीकात्मक आंदोलन आहे, कळलं मला. तुमच्या भावना पोहोचल्या. निवेदन द्या आणि गाडी तेवढी हलवा."

"ती हलत न्हाई, हेच सांगतोय," वडील म्हणाले. साहेब आणखी गंभीर झाले आणि त्यांनी प्रस्ताव दोन्ही हातांनी घेतला.

त्या गर्दीत बैलवाला दोर सोडून कधी निघून गेला ते कळलं नाही. दुपारी मेस्त्री शोधत आम्ही बाजारातून गेलो, तेव्हा तो झाडाखाली एकटाच बसलेला दिसला. बैल नव्हते, हातात नुसते कासरे होते. वडील त्याच्याजवळ जाऊन खाली बसले.

चौथ्या दिवशी छावणी मंजूर झाली. गावानं वडिलांना डोक्यावर घेतलं. त्यांनी मुद्दामच बैल जुंपले होते अशी कथा तयार झाली आणि वडीलही ती खोडून काढीनासे झाले. छावणीच्या हौदावर आई म्हशीला घेऊन गेली, मी सोबत होते. कित्येक दिवस आम्ही तिच्या तोंडाखालची बादली अर्ध्यातच ओढून घेत होतो. त्या दिवशी ती पीत राहिली, पोट भरेपर्यंत पीत राहिली आणि मग तिनं आपणहून मान वर केली.

मला हसू फुटलं. आईकडं पाहिलं तर ती रडत होती.

"त्या बैलवाल्याला चारच दिवस थांब म्हनायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "आमाला कुटं ठावं व्हतं?"