बोळवणीची भांडी

केजच्या जीपमध्ये तुळजाबाई पुढच्या सीटवर बसली ती मुद्दाम. मागं बसलं की गाव तोंडासमोर येतं आणि गावाच्या तोंडाला उत्तर द्यावं लागतं. शिवकन्येला तिनं खिडकीकडं बसवलं. तरी चुलत दीर बबनराव मागच्या बाकावरून पुढं वाकलाच.

"काय वहिनी, कुनीकडं?"

"केजला. भांडे घ्यायला."

"कुनाच्या लग्नाचे?"

कुणाच्या ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बबनरावाला तर गावाच्या आधी कळलं होतं.

"शिवकन्याच्या."

"असं, असं." बबनरावानं ते 'असं' सुपारीसारखं चघळलं. "न्हाई, सासू सुनंला घरात घेती एवढं बघितलं होतं आमी. आता सासूच सुनंची बोळवन करायली म्हना की. मिक्सर बी देनार का वर?"

जीप हसली.

"देनार तर," तुळजाबाई मागं न बघता म्हणाली. "तुमाला बी बघू का एक, भावजी? एवढं दिवसभर तोंड चालतंय तुमचं, काही दळून तरी निघंल."

जीप पुन्हा हसली, या खेपेला तुळजाबाईच्या बाजूनं. बबनराव मागं सरकला. शिवकन्या मात्र दोन्ही वेळा हसली नाही. ती खिडकीतून पळणारी रानं बघत राहिली.

तुळजाबाईचा एकुलता एक रविराज विहिरीवरच्या मोटरीचा करंट लागून गेला, त्यानंतर घरात या दोघीच राहिल्या होत्या. शिवकन्येला लेकरूबाळ नव्हतं. तिचे आईबाप आधीच गेलेले, भाऊ लांब पुण्याकडं. "तुमीच बघा काय ते," एवढं फोनवर बोलून त्यानं हात झटकले. तेव्हा तुळजाबाईनंच चार ठिकाणी शब्द टाकला आणि नेकनूरचा आदिनाथ पुढं आला. शिंपीकाम करणारा, सरळ माणूस. बायको आजारपणात गेलेली. घरात म्हातारी आई आणि दोन लेकरं. तो येऊन बसला, चहा प्याला. जाताना आपला कप आपणच मोरीत नेऊन ठेवला, ते तुळजाबाईनं बघून घेतलं.

शिवकन्येला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हनता तर."

बस, तेवढंच. पुढं हो नाही की नको नाही. त्या अर्ध्या बोलण्यानं तुळजाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लग्न चार दिवसांवर आलं होतं. आपल्या जिवाखातर पोर नाइलाजानं चालली, की तिच्या मनात आहे? आज भांडी निवडताना तिचं मन कळेल, असा तिचा हिशेब होता. बाई ज्या घरात मनानं शिरते, त्या घराचं भांडं ती उगीच उचलत नाही. भांडी द्यायची माहेरानं, ही रीत. तर आता मीच माहेर, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

स्टँडजवळच्या गल्लीत चाँदभाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरीवर आलं की त्याचं बोलणं सुरू व्हायचं, ते त्यानं स्वतः ठरवल्याशिवाय थांबायचं नाही.

"या मावशी, या ताई, बैठो. काय दाखवू? इंडक्शन हाय, केटली हाय, भाताचा इलेक्ट्रिक कुकर हाय. बटन दाबा न् खुशाल वावरात जावा, भात आपला आपन शिजतो!"

"लाइट गेल्यावर?"

"लाइट काय, येती की."

"तुमच्या दुकानात येती. आमच्याकडं ती पाव्हनी हाय. आली की निघायची घाई."

"बरोबर बोललात. मंग मिक्सर बघा." त्यानं मोठा मिक्सर सुरू केला. सगळी फळी थरथरली. "आवाज ऐका मावशी! इमान हाय, इमान!"

"आमाला चटनी वाटायचीय बाबा, कुठं उडून जायचं न्हाई," तुळजाबाई ओरडून म्हणाली. चाँदभाई मनापासून हसला आणि बटण बंद केलं. मग ती सुनेकडं वळली. "पर हे चांगलंय. तीन भांडे हायेत संगं. घ्यायचा का, शिवे?"

"ल्हान दाखवा," शिवकन्या चाँदभाईला म्हणाली.

चहाचं पातेलं दाखवलं तर तिनं दोन कपांचं निवडलं, लांब दांड्याचं. तवा हलका घेतला. परात नको म्हणाली, छोटं ताट चालेल म्हणाली. कुकर म्हटल्यावर म्हणाली, "सगळ्यात बारीक कोनता?"

नेकनूरच्या घरात चार तोंडं, ही पाचवी. पाचांच्या घरात दोन कपांचं पातेलं? म्हणजे पोर त्या घरात जातच नाही. अंगानं जाईल, भांडी मात्र अशी घेतेय जशी चार दिवसांची पाहुणी. तिला वाटलं, इथंच हात धरावा आणि म्हणावं, चल माघारी, नको हे लग्न. मी सांगते आदिनाथला.

शब्द ओठावर आले तेवढ्यात तिला दिसलं. शिवकन्या भांडं उचलत होती ती डाव्या हातानं. पातेलं डाव्या हातानं उचललं, तोललं, ओतल्यासारखं वाकडं केलं आणि खाली ठेवलं. तवाही डाव्याच हातानं. पोर उजवी होती, जन्माची उजवी.

डावा हात चालायचा तो तुळजाबाईचा. उजवं मनगट गेल्या साली गोठ्यात घसरून मोडलं आणि वाकडंच जुळलं होतं. मुठीत जोर राहिला नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी शिवकन्या कुकरचं झाकण काढून ठेवायची, पिठाचा डबा उघडून ठेवायची, आणि तुळजाबाई समजायची की पोरीला कळलंच नाही.

"हे कुनासाठी घ्यायली?" तिनं हळू विचारलं.

शिवकन्या तवा उलटापालटा करत राहिली.

"शिवे, मी इचारलं काहीतरी."

"तुमच्यासाठी." तिचा आवाज चिरकला. "मी गेल्यावर कोन उघडून देनार तुमाला? भाकर थापता येईना, कुकर उघडंना. मी तिकडं ताटावर बसन न् हिकडं तुमी चुरमुरे खाऊन निजाल. मला ठाव न्हाई का तुमचं?"

"मला काय झालंय? मी बघन माझं."

"मंग उघडा." शिवकन्येनं तो लहान कुकर झाकण लावून तिच्यापुढं ठेवला. "माझ्यासमोर उघडा. उघडला तर मी जाते. न्हाई उघडला तर आत्ताच्या आत्ता फोन लावून न्हाई सांगते त्यायला."

चाँदभाईचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं.

तुळजाबाईनं डाव्या हातानं दांडा धरला आणि उजव्यानं कुकर दाबला. उजवा हात घसरला. पुन्हा धरला. झाकण जागचं हललं नाही. मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली, पण तिनं तोंड वाकडं होऊ दिलं नाही.

"नवा रबर हाय मावशी, कडकच राहतो," चाँदभाई पुढं झाला. "द्या इकडं, मी जरा..."

"तुमी ऱ्हावा, चाँदभाई," शिवकन्या म्हणाली. "तुमी घरी येनार हाव का रोज?"

तो मुकाट मागं सरला. शिवकन्येनं फोन हातात घेतला.

"थांब की," तुळजाबाई म्हणाली. "उभ्यानं कुनी काम करतंय का?"

तिनं पदर खोचला आणि दुकानाच्या फरशीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मांडी न घालता दोन्ही पाय पुढं घेऊन बसली. घरी विळीवर बसते तशी. कुकर दोन्ही तळपायांत घट्ट धरला. जन्मभर नांगरटीच्या ढेकळांतून चाललेले पाय ते, त्यांत जोर होता. डाव्या हाताचा तळवा दांड्याला लावला आणि हातानं न ओढता सगळं अंगच एका बाजूला कलवलं. गल्लीतून जाणारी एक बाई थांबून बघू लागली. झाकण चिकटून राहिलं, चिकटून राहिलं, आणि मग कर्र करत फिरलं.

तिनं ते काढून फरशीवर ठेवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच उघडलं.

"बघ," ती म्हणाली. दम लागला होता.

शिवकन्येनं फोन कमरेला खोचला. डोळे पुसले, नाक ओढलं. मग चाँदभाईकडं वळून सासूकडं हात केला.

"हा बांधा आत्यासाठी. पातेलं न् तवा बी. आता मोठा कुकर दाखवा. माझ्या घरी पाच मानसं हायेत. न् तो इमानावाला मिक्सर पुन्हा लावा बरं, लेकरायला भ्या वाटंल का बघू."

माझ्या घरी. याच शब्दासाठी तुळजाबाई आली होती. तो आला, आणि छातीत असा बसला की तिला फरशीवरून उठताच येईना. तिनं शिवकन्येला हाक मारली नाही. पोर उजव्या हातानं मोठा कुकर उचलून बघत होती, त्याच्या बुडावर बोटानं वाजवत होती. तिला बघू दिलं. बसल्या जागेवरूनच म्हातारी म्हणाली,

"आत दोन डबे बसतेत का ते बघून घे, बाई. वर एक, भाताचा, न् खाली वरनाचा."