आईच्या साड्यांचं काय करावं

डांबरगोळ्यांचा वास आला की मला इंदापूरची ती बाई आठवते. नवरा गेल्यावर मी बारामतीत घरीच जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला लागले होते. भाचीनं वेबसाइट काढून दिली, आणि लोकांना शोधताना सापडावी म्हणून मी तिच्यावर 'पारंपरिक हस्तनिर्मित गोधडी' असे भारदस्त शब्द घातले. कित्येक महिने कुणाचा फोनच आला नाही. मग एका दुपारी ही बाई डांबरगोळ्यांचा वास येणारं साड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. "माझा पत्ता कसा लागला तुम्हाला?" मी विचारलं. "आई गेली माझी. साड्या टाकवंनात. मोबाईलवर 'आईच्या साड्यांचं काय करावं' असं लिवलं. लई खाली गेल्यावर तुमी दिसला बगा." तिची एस्टी येईपर्यंत आम्ही एकेक साडी उलगडत बसलो. ती आईबद्दल बोलली, आणि नवऱ्याबद्दल मीही पहिल्यांदाच कुणाशी मोकळेपणानं बोलले. ती गेल्यावर मी ते भारदस्त शब्द काढले आणि तिचंच वाक्य वेबसाइटवर घातलं. आता लांबलांबून काम येतं, हातातली सुई थांबत नाही. पण साड्या कुरियरनं येतात, आणि त्या नेसणारी आई कशी होती हे सांगायला कुणी येत नाही.