फेरीबोटीत मोडलेला उपवास

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा प्रार्थनेवरचा विश्वास पार डळमळला होता. पत्नीच्या पोटात गाठ निघाली, अलिबागच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली, आणि मी देवाशी भांडायला बसलो. उभा जन्म एसटीत कंडक्टर होतो. तिकिटाशिवाय कुणाला पुढे सरकू दिलं नाही. देवाच्या दारातही काहीतरी तिकीट लागत असणार, अशी माझी समजूत. म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, त्या आठवड्यात ठरवलं, तीन दिवस फक्त पाण्यावर राहायचं. मी अन्न सोडतो, तू हिला वाचव, असा रोखठोक करार.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बजावलं होतं, "तुम्हाला साखर आहे. उपवास डॉक्टरांना विचारूनच करा. नुसता टीव्ही सोडलात तरी प्रभू समजून घेईल." मला ते पोरकट वाटलं. पत्नीलाही सांगितलं नाही. तिने विचारलं की "जेवलो" म्हणून थाप मारायचो. उपवास धरून खोटं बोलतोय हे लक्षातही आलं नाही, म्हणजे बघा. वर शहाणपणा असा, की साखर कमी करायची गोळी मात्र न चुकता घ्यायचो. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे ना!

तिसरा दिवस सोमवार. शस्त्रक्रिया दुपारी होती. जुने रिपोर्ट घरी राहिले म्हणून मी आदल्या दिवशी श्रीवर्धनला आलो होतो. सकाळी रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून दिघीला खाडीपलीकडच्या आगरदांड्याची बोट पकडली. "तुम्ही आल्याशिवाय मी आत जायची नाही," असं पत्नी म्हणाली होती. बोट सुटली आणि माझे हातपाय थरथरायला लागले, सदरा घामाने भिजला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बाकावरून घसरून खालीच बसलो. मनात एकच भीती, मीच पोचलो नाही तर तिला धीर कोण देणार?

शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन एक कोळीण बसली होती, माझ्याच वयाची. तिने माझा हात चाचपला. "साखर उतारली तुमची. आमच्या घरवाल्याचं आसंच व्हतं. खाल्लं न्हाय काय?"

"उपवास आहे," मी कसाबसा बोललो.

"मंग आदी सांगाचं ना!" तिने पिशवीतली पुडी सोडली. राजगिऱ्याचे दोन लाडू होते. "माजा बी सोमवार हाय. ह्ये उपासाला चालतात. तुमचा उपास न्हाय मोडाचा, खा."

माझ्या उपवासाला काहीच चालत नव्हतं. हे तिला समजावून सांगायचं त्राण नव्हतं, आणि खरं म्हणजे तोंडही नव्हतं. माझा उपवास सांभाळायला ती स्वतःचा फराळ देत होती. मी लाडू तोंडात घातला आणि मला रडू कोसळलं. आजवर चर्चमध्ये कितीदा प्रभुभोजनाची भाकर घेतली असेल, पण कुणीतरी स्वतःचा घास आपल्याला देतं म्हणजे काय, ते त्या बोटीत कळलं. "एक तुम्ही ठेवा," म्हटलं, तर "माला सवय हाय, सांजच्याला सोडीन," म्हणत तिने दुसराही खायला लावला. आगरदांड्याला तिने मला हाताला धरून उतरवलं, एसटीत बसवलं, कंडक्टरला "ह्यांच्याकडं ध्यान ठेव" असा दम भरला आणि पाटी उचलून चालू लागली.

मी वेळेत पोचलो. पत्नीने विचारलं, "खाल्लंत काही?" या वेळी मी सगळं खरं सांगितलं. ती रागावली, पण माझा हात काही सोडला नाही. तिला आत नेलं तेव्हा मी डोळे मिटले. कराराचा विषय काढायची लाज वाटली. एवढंच म्हणालो, "प्रभू, ती तुझी आहे. तुला योग्य वाटेल ते कर." हे म्हणताना जीव घाबरला होता, तेही सांगून टाकतो. गाठ साधी निघाली. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही.

लेंट मी अजून पाळतो, डॉक्टरांना विचारून आणि पत्नीला सांगून. प्रभूचे आभार मानताना त्या बाईचंही नाव घ्यावंसं वाटतं, पण ते विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरली असेल, पोटात अन्नाचा कण नसताना. माझ्या पत्नीसाठी उपवास धरला होता मी. तो पार पाडला त्या बाईने.