कुरडयांपुरतं ऊन

गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवर सोलर बसवलं आणि तेव्हापासून आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी गच्ची पाहावी लागू लागली. मी त्याला पॅनेल दाखवायचो, मग मोबाइलवर आजची वीज, मग पृथ्वीचं पुढं कसं होणार यावर थोडं बोलायचो. पाहुणा ‘छान, छान’ म्हणायचा, पण नजर जिन्याकडं. मनापासून कौतुक एकानंही केलं नाही. वीज घरचीच झाली म्हणून मी पाठोपाठ दोन एसी घेतले. पर्यावरणासाठी माणसानं जरा उकाडा सोसला पाहिजे, हे मी लोकांना एसीत बसूनच सांगायचो.

पॅनेल रस्त्यावरून दिसावेत म्हणून मी ते गच्चीभर पसरून घेतले होते. बसवताना बायकोनं एकच विचारलं होतं, “अहो, वाळवणापुरतं ऊन राहील ना?” मी म्हणालो, “अगं, आता सगळं ऊन आपलंच.” वाक्य चांगलं जमलं म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं.

चैत्रात लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडं मुलाकडच्या बायका रुखवतातली भांडीकुंडी नंतर बघतात, आधी कुरडईचा रंग बघतात. माझ्या बायकोच्या रुखवतातल्या कुरडया लालसर निघाल्या होत्या. त्याचा उल्लेख माझी आत्या अजून करते, आणि नेमका बायको वाढत असताना. तेव्हा लेकीच्या कुरडया पांढऱ्याशुभ्रच झाल्या पाहिजेत, असं बायकोनं ठरवलं होतं. त्यासाठी वडीगोद्रीहून माझी बहीण स्वतःचा साचा घेऊन आली. गहू भिजले, वाटले, चीक निघाला आणि एका पहाटे दोघी तो पातेल्यात घाटायला बसल्या. मी एसीत झोपलो होतो.

“दादा, वर ये जरा,” बहिणीनं हाक मारली. अखेर हिला तरी पॅनेल बघावेसे वाटले, म्हणून मी दोन दोन पायऱ्या चढून गेलो.

ती गच्चीच्या मधोमध, पॅनेलांच्या दोन रांगांमधल्या सावलीत उभी होती. “ऊन कुठं ठिवलं रे?”

मी पॅनेलकडं बोट दाखवलं.

“मंग शेजारच्या गच्चीवर जाऊ.”

“तिथंही हेच आहे,” बायको म्हणाली. “पलीकडंही. यांनीच सांगितलं त्यांना, घरी जाऊन जाऊन.”

“अंगणात?”

“अंगणात यांनी झाडं लावलीत.”

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. “दादा, तू कुणाला कुठं बसू दिऊन राह्यला का न्हाई?”

पातेल्यातला चीक निवत चालला होता. तो एकदा घट्ट झाला की साच्यातून उतरत नाही, आणि उद्यावर टाकला तर आंबतो. बायकोनं एकदा पातेल्याकडं पाहिलं, एकदा पॅनेलकडं. “त्या काचा धुवा,” ती मला म्हणाली.

“अगं, वर काही ठेवलं तर वीज होत नाही.”

“रुखवतात वीज मांडायचीय का?”

मी काचा धुतल्या. बायकोनं जुन्या सुती साड्या ओल्या करून त्यांच्यावर ताणून बांधल्या आणि बहिणीनं साचा फिरवायला घेतला. पहिल्या दोन कुरडया उतारावरून घसरून माझ्या पायावर पडल्या, बाकीच्या चिकटल्या. चिमण्या हाकायला मला काठी मिळाली. मोबाइलवर विजेचा आलेख आडवा पडला होता. थोड्या वेळानं कंपनीच्या माणसाचा फोन आला.

“काका, सिस्टिम बंद दिसतीय. पॅनेलवर काही पडलंय का?”

“कुरडया.”

“किती वेळ राहतील?”

“वाळेपर्यंत.”

खाली जाऊन जरा गार व्हावं म्हटलं, तर बहिणीनं एसी बंदच करून टाकले होते. “वीज कुठून यायलीय आता? बस इथंच.” दुपारपर्यंत मी तिथंच बसलो, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. पर्यावरणासाठी मी एवढा उकाडा पहिल्यांदाच सोसत होतो, आणि वीज मात्र जवळजवळ शून्य.

वरून ऊन आणि खालून तापलेली काच, त्यामुळं कुरडया खडखडीत वाळल्या. रंग असा की बायकोनं माझ्याशी पुन्हा नीट बोलायला सुरुवात केली.

लग्नात मुलाची आत्या रुखवतापाशी आली. भांडी ओलांडून तिनं थेट एक कुरडई उचलली आणि उजेडात धरली. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“रंग लई चोख आलाय,” आत्या म्हणाली. “कुठं वाळवल्या?”

“यांच्या सोलरवर,” बायको म्हणाली.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या सोलरपायी माझ्याकडं इतक्या आदरानं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

“मंग आमच्याबी गच्चीवर बसवावं म्हणते,” त्या म्हणाल्या. “पर वाळवण झाल्यावर वरीसभर त्याचा दुसरा काही उपयोग होतो का?”

मी तोंड उघडलं. बायको माझ्या आधी बोलली.

“होतो थोडाफार.”