मार्करला खेळ नसतो

“तोंडानं सांगून कळायचं न्हाई, थांबा,” असं मामा म्हणायचे आणि रॅकेट म्हणून हाताला लागेल ते उचलायचे. माझ्या चुलीपाशी बसलेले असले तर उलथनं, पावसाळ्यात छत्री, आणि एकदा तर माझ्या हातातलं लाटणं, पिठासकट. मग गुडघे जरा वाकवायचे, डावा हात पुढे काढायचे आणि म्हणायचे, “ह्या बघा शिरूरच्या मडमबाई.” खरं सांगते, धोतर नेसलेला, मिशा पिकलेला तो माणूस पुढच्या क्षणी घोळदार झग्यातली मडम दिसायला लागायचा.

दौंडला रेल्वेवाल्यांचा एक क्लब होता, तिथले हे टेनिसचे मार्कर. मार्कर म्हणजे काय, ते आधी सांगते. कोर्टाची निगा राखायची, जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, आणि ज्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं. माझं माहेर शिरूरच्या मिशन कंपाउंडातलं. तेही तिकडचेच, मडमबायांचे चेंडू गोळा करता करता खेळ शिकलेले. म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. आमचे हे लोकोशेडमध्ये फिटर, आणि आमची खोली कोर्टाच्या तारेला लागून. मी स्वतःच शिकून शिवणकाम करायची, त्यामुळे फाटलेली जाळी माझ्याचकडे यायची. टेनिसशी माझा संबंध एवढाच. मोठी माणसं दोन बाजूंना उभी राहून एका चेंडूपायी का दमतात, हे मला मामा भेटेपर्यंत कळलं नव्हतं.

त्यांनी मला काळ दाखवले. हो, काळच म्हणायचे ते. मडमबाईंच्या काळात सर्व्हिस कमरेखालून. पंगतीत कुणी ताट पुढं सरकवावं तसा चेंडू पलीकडे जायचा. मग साहेबांचा काळ. लांब पांढऱ्या विजारी, मागच्या रेघेच्याही मागं उभं राहायचं, चेंडू सरळ आणि खोल मारायचा आणि समोरचा चुकेपर्यंत वाट बघायची. मामा सांगायचे, मालगाडी यायची, पाणी भरून निघून जायची, तरी साहेबांचा तोच गेम चालू. त्यानंतर लढाईचा काळ. नगरकडून येणारे गोरे सोल्जर बुटांसकट खेळायचे, चेंडूनं काही गुन्हा केल्यासारखे मारायचे, आणि मामांची निम्मी संध्याकाळ बाभळीतून चेंडू काढण्यात जायची. आणि आता स्वराज्यातले तरुण साहेब. ते सर्व्हिस डोक्यावरून टाकायचे आणि तिच्या मागोमाग जाळीकडे धावायचे. चेंडू भुईला टेकूच द्यायचा नाही.

हे सगळं ते करून दाखवायचे, आणि त्यात चेष्टा नसायची. कुठला खेळ चांगला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “ज्याच्यापाशी वेळ हुता त्यानं वाट बघितली. आताच्याला वेळ न्हाई, तो धावतोय. दोन्ही खेळ खरेच हाईत.”

“आणि तुमचा कोणता, मामा?”

ते हसले. “माझा कुठला? मार्करला खेळ नसतो, पोरी. मार्कर म्हंजी भिंत. निस्त्या भिंतीपरीस जरा सोयीचा चेंडू देतो, इतकंच.”

तेव्हा मीही हसले. पण हे अक्षरशः खरं होतं. साहेब नवशिका असो की तरबेज, मामांचा चेंडू बरोबर त्याच्या रॅकेटवर, त्याला आवडेल त्या उंचीला यायचा. साहेबानं तो मारला की मामा पलीकडून म्हणायचे, “छान मारलंत, साहेब.” दोन सेट खेळून साहेब थोडक्यात जिंकायचा आणि खुशीत घरी जायचा. मामींचं त्यावर ठरलेलं बोलणं होतं, “लोकांचे नवरे कामाला जात्यात, माझा हरायला जातो.”

मामींच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पार लुळी. पूर्वी त्या दोघांनी मिळून कोर्ट शेणानं सारवायचं; मुरमावर शेणाचा हात फिरला की चेंडू कसा मऊ, सावकाश उठायचा. आता मामा एकटेच सारवायचे आणि मामी कोर्टामागच्या खोलीत खाटेवर पडून असायच्या. ती खोली मार्करची. मामा काही रेल्वेचे नोकर नव्हते, मेंबरांच्या वर्गणीवर ठेवलेला माणूस. मार्करकी गेली की खोली गेली. आणि शिरूरला त्यांचं काही उरलेलं नव्हतं. होता तो मामींचा एक भाऊ न्हावऱ्याला, त्याच्याकडे गोठ्याशिवाय जागा नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते सगळं त्या खाटेपायी.

क्लबाचे नवे सेक्रेटरी आले. तरुण, उमदा, बोलायला गोड. त्यांच्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. त्यांनी महिनाभर मामांशी खेळून पाहिलं आणि मेंबरांपुढे सांगितलं की हा खेळ गेला. बाहेर सामन्यांना गेलं की आपली माणसं हरतात, कारण सराव सगळा जुन्या धाटणीचा. सिमेंटचं कोर्ट करू, पुण्याहून नव्या पद्धतीचा मार्कर आणू. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरसाहेबाला ते रुचलं नाही. तो अँग्लो-इंडियन, मामांशी उभा जन्म खेळलेला. तो म्हणाला, जुना खेळ मेला हे तू कोण ठरवणार, खेळून ठरव. सेक्रेटरीही तसे खिलाडू. म्हणाले, ठीक आहे, मार्करनं माझ्याकडून एक सेट घेतला तर तो राहील, खोली राहील.

ड्रायव्हरसाहेब आनंदानं हे सांगायला आला. त्याला वाटलं, मित्राला वाचवलं. मामांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मात्र माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले.

“जिंकायचंय, पोरी,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोर्टावर चिटपाखरू नसताना, त्यांनी मला बोलावलं. मी पदर खोचून जाळीच्या पलीकडे उभी. माझं काम एवढंच की चेंडू हातानं त्यांच्याकडे टाकायचा. त्यांनी तो माझ्यापासून लांब मारायचा. मी टाकला. चेंडू आला तो थेट माझ्या हातात, अलगद, अंडं ठेवावं तसा.

“मामा, लांब मारा की.”

“मारतोय की.”

पुन्हा टाकला, पुन्हा माझ्या हातात. मला हसू फुटलं, तेही हसले. मग मी कोपऱ्यात कोंबड्यांचं डालं पालथं घातलं आणि बाजूला झाले. त्यांनी डाल्यावर नेम धरला, आणि काय सांगू, एकेक चेंडू डाल्यावर धाडधाड. डालं आडवं झालं. मी खूश होऊन परत पुढे उभी राहिले, तर चेंडू पुन्हा माझ्या हातात. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. घामानं डबडबलेले, रॅकेटकडे असे बघत होते की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. डालं असलं तर डाल्यावर आणि माणूस असलं तर माणसाकडे. रोज दुपारी आम्ही हाच उद्योग केला. शेवटी शेवटी ते डोळे मिटून मारायचे. तरीही.

सामना रविवारी, चर्चमधली उपासना झाल्यावर ठेवला होता. मेंबर, त्यांच्या बायका, शेडमधली माणसं, सगळे तारेला लागून उभे. मामींची खिडकी कोर्टाच्या बाजूला नव्हती, पण त्यांना आवाज पुरायचा. मी त्यांना पेज भरवून आले होते. म्हणाल्या, “जा, तू बघ. मी ऐकती.”

सुरुवातीला वाटलं, देव पावला. सेक्रेटरी सर्व्हिस टाकून जाळीकडे धावायचे, मामा चेंडू परत द्यायचे, आणि शेणाच्या त्या मऊ कोर्टावर साहेबांचा जोर फुकट जायचा. कधी जाळीत, कधी रेघेबाहेर. ते चिडले, जास्त जोरानं मारू लागले, जास्त चुकले. मामांनी एकही गुण मारून मिळवला नव्हता, सगळे साहेबांनीच दिलेले. पण गुण ते गुण. पुढे गेले मामा. मग अजून पुढे. आणि अशी वेळ आली की एक गुण मिळाला की सेट त्यांचा. ड्रायव्हरसाहेबानं टोपी काढून छातीशी धरली.

साहेब सर्व्हिस टाकून धावले, मामांनी परत दिला, साहेबांनी अर्धवट उचलला आणि वळताना त्यांचा पाय सटकला. एक गुडघा भुईवर, एक हात भुईवर. चेंडू मामांपुढे कमरेच्या उंचीला, तरंगत आलेला. अख्खं कोर्ट मोकळं. कुठंही मारायचा होता हो, कुठंही.

मामा थांबले. साहेब उठेपर्यंत चेंडू पार खाली येऊ दिला, आणि मग अलगद उचलून त्यांच्या रॅकेटवर नेऊन ठेवला. साहेबांनी तो कोपऱ्यात हाणला.

“छान मारलंत, साहेब,” मामा म्हणाले.

लोकांनी टाळ्या पिटल्या. काय सभ्य खेळ, काय जुनी माणसं, असं माझ्या शेजारचा कुणी म्हणत होता. मी मामांचं तोंड बघत होते. भिंतीला कान लावून कुणी आत माणूस गुदमरताना ऐकावं, तसं मला झालं. त्यानंतर त्यांना एकही गेम मिळाला नाही.

सेक्रेटरींनी येऊन त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, बघा, तुमचा खेळ देखणा आहे, पण जुन्या खेळात गुण संपवायची ताकद नाही. मामांनी मान डोलावली, वाकून जाळी सोडली, घडी घातली आणि खोलीत गेले. मी पाठोपाठ. मामी छताकडे बघत होत्या. निकाल विचारला नाही त्यांनी.

“साहेब पडला हुता का मधी?”

“पडला हुता.”

“लागलं का त्याला?”

“न्हाई.”

“मग बास,” म्हणाल्या, आणि चांगला हात पुढे करून त्यांनी मामांच्या धोतराची माती झटकली.

मला राहवलं नाही. मी सेक्रेटरींच्या बंगल्यावर गेले. त्यांना सांगितलं, साहेब, ह्या माणसाला तुमचा खेळ येतो, तुमच्या आधीच्या सगळ्यांचा येतो, पण समोर माणूस दिसला की हात चेंडू त्याच्याकडेच नेतो. तुम्हीच लोकांनी इतकी वर्षं तो हात असा केलाय. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे बाई, त्यांना जिंकता येत नाही. मीही तेच म्हणतोय.” मी उठले आणि घरी आले.

महिन्याअखेर ते गेले. खाट मामींसकट गार्डाच्या डब्यात चढवायची होती. शेडमधली माणसं आली होती, एक माणूस कमी पडत होता, तर सेक्रेटरी स्वतः पुढे झाले आणि त्यांनी खाटेचा एक पाय धरला. मामा बोचकं काखेला मारून बाजूनं चालत होते आणि सारखे त्यांनाच सांगत होते, “सावकाश साहेब, वाकून धरा, कमरंला लागंल.” केडगावपर्यंत पॅसेंजर आणि पुढं न्हावऱ्यापर्यंत बैलगाडी. मी मामींच्या उशाशी भाकऱ्या ठेवल्या. गाडी सुटली. मामांनी हात हलवला तो मला की साहेबांना, कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी एसटीनं शिरूरला माहेरी चालले होते. न्हावऱ्याच्या थांब्यावर मामींचा भाऊ दिसला. मी खिडकीतूनच विचारलं. म्हणाला, “ताई तर पावसाळ्यातच गेली. गोठ्यात लई गारठा हुता. दाजी हाईत, जोंधळ्यावर राखणीला बसवलंय त्यांना.”

गाडी निघाली. गावाबाहेर जोंधळा हुरड्याला आला होता आणि मधोमध राखणीच्या माळ्यावर पांढऱ्या मिशांचा माणूस उभा, डोक्यावर गोफण फिरवत. मी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ते कसलं ऐकू जाणार. कणसांवर चिमण्यांचा थवाच्या थवा बसला होता. गोफण फिरत होती, फिरत होती, नुसती फिरत होती. दिसेनासे होईपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. दगड काही सुटला नाही, आणि एकही चिमणी उडाली नाही.